अक्षरमावशीच्या चाळीस नळ्या

मासे कापणाऱ्या बाईला सुंदर अक्षराचा उपयोग काय, असं कुणीही विचारील. पण मासळी बाजारात सगळे तिला अक्षरमावशी म्हणत, आणि त्यात थट्टेपेक्षा कौतुकच जास्त होतं. मुशी, म्हणजे लहान शार्क, धक्क्यावर उतरली की मावशी तिच्या पंखाचा नखाएवढा तुकडा कापायची, स्पिरिटच्या नळीत टाकायची आणि चिठ्ठीवर तारीख, होडी आणि मुशी कुठे मिळाली ते लिहायची. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी हे काम तिच्यावर सोपवून सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात एक नळी हरवली नाही की एक चिठ्ठी पुसली नाही. चौथीत शाळा सुटलेल्या बाईनं याचा अभिमान बाळगू नये तर कशाचा बाळगावा?

अक्षर तिला थोरल्या भावानं शिकवलं होतं. होडीच्या फळीवर खडूनं गिरवून घ्यायचा; एक काना चुकला की सगळी फळी पुसायला लावायचा. दादा अजून समुद्रावर जायचा. मुशी कुठे मिळाली विचारलं तर म्हणायचा, "उत्तरेला." कोळ्यांची जातच अशी, ठिकाणाच्या बाबतीत ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. पण सख्खा भाऊ आपल्याशी कशाला खोटं बोलेल, असं मावशीला वाटे. सख्खेच तर बोलतात!

एका सकाळी मॅडम कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या.

"मावशी, मुशीच्या मांसातही घराण्याच्या खुणा असतात. त्या आम्ही तपासल्या. उत्तरेच्या मुश्यांचं घराणं एक, दक्षिणेच्या खाडीतल्यांचं दुसरं. सोयरीकच नाही दोघींत. फक्त तुमच्या चाळीस नळ्या घोळ घालतायत. चिठ्ठीवर 'उत्तर', आणि तुकडा खाडीतल्या घराण्याचा! नळ्यांची अदलाबदल झाली का? झाली असेल तर फेकाव्या लागतील. नसेल, तर ठिकाणच कुणीतरी चुकीचं सांगितलं असणार, आणि खाडीतल्या मुश्या वेगळ्या आणि थोड्याच उरल्यात, हे पक्कं होईल. मग पिल्लांच्या हंगामात तिथे जाळ्यांना बंदी."

मावशीनं यादी पाहिली. चाळीसच्या चाळीस नळ्या एकाच होडीच्या होत्या. दादाच्या.

"उद्या आठवून सांगते," ती म्हणाली.

दुपारी ती दादाकडे गेली. तो जाळं शिवत बसला होता. मॅडमचं सगळं बोलणं तिनं त्याला सांगितलं.

"मलाही खोटं सांगितलंस?"

"अगं, ठिकाण बायकोलाही सांगत नसतात." दादानं सुतळी दातानं तोडली. "खाडी बंद झाली तर या वयात मी कुठे जाऊ? लांब समुद्रात? म्हण ना, नळ्या बदलल्या. तुझं काय जातंय?"

तिचं काय जात होतं, ते दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तर तिनं सोडून दिलं असतं. दादाला कळू नये, याचं तिला फार वाईट वाटलं. पण याच दादानं तिला लिहायला शिकवलं होतं, आणि आजवर काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा दादा माशांची पेटी घेऊन मागेच उभा होता. मावशीनं हात पुसले, पुन्हा पुसले.

"माझीच चूक, मॅडम. नळ्या बदलल्या."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती यादी मिटून ठेवली. मग म्हणाल्या, "असू दे, मावशी. पण मग तुमच्या सहाही वर्षांच्या चिठ्ठ्यांवर आता भरवसा नाही ठेवता येणार."

मागे पेटी धाडकन खाली आली.

"खोटं बोलतेय ती!" दादा म्हणाला. "नळ्या बरोबर आहेत. ठिकाण मी खोटं सांगितलं. मुश्या खाडीतल्याच."

"दादा, अरे बंदी येईल!"

"येऊ दे. मॅडम, माझी बहीण चुकीचं लिहीत नाही. मी शिकवलंय तिला."

मावशीनं यादी पुढे ओढली. डोळे भरून आले होते, तरी तिनं चाळीस वेळा 'उत्तर' खोडून 'खाडी' लिहिलं. दादा शेजारी उभा राहून शेवटपर्यंत बघत होता. एकही काना चुकला नाही.