सोमवारचे बेलफळ

पिकल्या बेलफळाचा दाट, मधुर गंध आला की औंढ्याजवळच्या आमच्या गावातला चैत्रातला एक सोमवार आठवतो. अंगणातला बेल पत्नीने लावला होता. कच्च्या फळाचा वाळवलेला गर ती तांड्यावरच्या बायकांना अतिसारावर देई आणि पिकलेल्याचे गूळ घालून सरबत करी. त्या दिवशी तीच अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी आशा सोडून घरी पाठवले होते, आणि तीन दिवसांत तिने प्रथमच काही मागितले: त्या सरबताचे दोन घोट. मी म्हणालो, "आज सोमवार, बेलाला हात लावता येत नाही. उद्या पहाटे काढतो." ती क्षीण हसली. "रोज बोलता न् तुमी देवाशी? माझ्यासाठी एकदा विचारून बघा." मी जपाला बसलो. मंगळवारी उजाडताच फळ उतरवले, फोडले, गर कोळून गाळला. वाटी घेऊन आत गेलो तेव्हा तिचा हात गार पडला होता. शास्त्राने सोमवारी पाने तोडू नयेत एवढेच सांगितले आहे, फळाविषयी काही नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होते; फळ काढताना एखादे पान गळेल, एवढेच भय होते. आता सोमवारी कोणी फळ मागायला आले की मी जप अर्धा ठेवून उठतो.