चोरविहीर

आमच्या संशोधन संस्थेच्या प्रमुखांवर मी सूड उगवला, आणि उगवताना मला मजा आली. हे आधीच सांगून टाकतो. उगाच साळसूदपणाचा आव नको.

महायुद्धात मी ब्रह्मदेशच्या आघाडीवर फौजेसाठी नकाशे काढायचो. आमच्या तुकडीत प्रत्येक जण कच्च्या नकाशावर एक खोटी विहीर दाखवायचा. नकाशा कुणी चोरून आपल्या नावावर खपवला तर तिच्यावरून चोर सापडे. तिला चोरविहीर म्हणत. पक्क्या नकाशात मात्र ती खोडायचीच, नाहीतर आपलीच माणसं तहानेनं मरायची.

फौज सुटली, खोड सुटली नाही. ठाकूरद्वारच्या खोलीत जुनी कागदपत्रं वाचायची आणि सुटीत सीमाभागातल्या बैलवाटा पायी तुडवायच्या, असं चार वर्षं करून मी तिथल्या मराठी गावांचा नकाशा केला. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. मागणीसोबत तो दिल्लीला जाणार होता. प्रमुखांना कच्ची प्रत तपासायला दिली, तर महिन्याभरात ती त्यांच्याच नावानं छापून आली. माझं नाव आभारातसुद्धा नव्हतं. गिरगावाबाहेर पाऊल न टाकलेला माणूस! अंगाचा तिळपापड झाला. पण कच्च्या प्रतीतली माझी चोरविहीर छापील नकाशातही जागेवर होती. मी गप्प राहिलो.

गिरगावातच त्यांचं या नकाशावर व्याख्यान झालं. पुढे चळवळीची मंडळी बसली होती. मी उठून नकाशातल्या त्या विहिरीकडे बोट केलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सर, या विहिरीचं पाणी कसं आहे हो?"

"गोड! स्वतः प्यालोय मी."

"ती मी माझ्या टेबलावर खोदली, सर. तिथे नुसता कातळ आहे."

सभागृह खो खो हसलं. प्रमुख पांढरेफटक पडले. मला गुदगुल्या होत होत्या.

पुढच्या रांगेतले चळवळीचे वकील नकाशाची गुंडाळी करत म्हणाले, "हा आता पाठवता येणार नाही."

"मी दुरुस्त करून देतो ना."

"एक खोटं निघालं की दिल्लीवाले सगळंच खोटं म्हणतील. भर सभेत निघालंय, साहेब."

दाराशी लालबागचा एक गिरणी कामगार उभा होता. पाळी संपवून थेट आलेला, केसांत कापूस तसाच.

"विहीर दावलीया ते गाव आमच्या गावाशेजारचं," तो म्हणाला. "विहीर न्हाई, खरं हाय. बाया दोन कोसांवरनं पाणी आणत्यात. पर गाव हाय न्हवं, साहेब? गाव तर खरं हाय?"

"आहे."

"मग तेवढं सांगा की त्यास्नी."

मी वळलो, तर वकील निघून गेले होते.

प्रमुखांना मी अजून माफ केलेलं नाही. ते गाव अजून हद्दीपलीकडे आहे.