भावफलकावरची भरती

लायनस ब्रीमायरने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. सैन्यात दोन वर्षं काढली, तीही कॅन्ससच्या सपाटीवर, टंकलेखनाच्या टेबलाशी. बाकी सगळा जन्म आमच्या सेंट ओडिलमध्ये गेला आणि त्यातली एकेचाळीस वर्षं सहकारी संस्थेच्या धान्यकोठारात. चर्चच्या मनोऱ्याहून उंच असं गावात ते कोठारच आहे.

कोठाराच्या दाराशी भावफलक आहे. रोज सकाळी लायनस लांब काठीने त्यावरची अक्षरं बदलायचा. पहिल्या ओळीत मका, दुसऱ्या ओळीत सोयाबीन, आणि तिसरी ओळ त्याची स्वतःची. फादरांचं रविवारचं प्रवचन किती मिनिटं चाललं, डॉक्टरांनी पकडलेल्या माशाचं त्यांनी सांगितलेलं वजन आणि खरं वजन, असलं काहीतरी तो तिथे लावायचा. शेतकरी भाव बघायला थांबायचे आणि तिसरी ओळ वाचून हसत पुढे जायचे.

त्याची बहीण रोझेला आणि मी सिस्टरांच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तिने पुढे तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढली. आवाज इतका हळू की तिकिटं मागणारा माणूस आपोआप पुढे वाकायचा. दोघा भावंडांपैकी कुणीच लग्न केलं नाही. वडिलांच्या घरात, माझ्यापासून तिसऱ्या दारी, दोघं एकत्र राहायची.

त्या वर्षी निवडणुकीचा हंगाम होता. उमेदवार निवडीचा पहिला कौल आमच्या आयोवात होतो, म्हणून इथे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार हिवाळ्याच्या आधी पक्ष्यांसारखे उतरतात आणि जानेवारीनंतर एकही दिसत नाही. रोझेलाच्या मनात भरल्या त्या गव्हर्नर प्रेंटिसबाई. त्या पूर्वेकडच्या एका बंदराच्या गावातल्या. त्यांच्या प्रचार कचेरीने रोझेलाला आमच्या विभागाची प्रमुख नेमलं. जन्मात कुणाकडे काही न मागितलेली ही बाई यादी घेऊन घरोघर फोन करू लागली. मला म्हणाली, "एकदा तरी उभं राहून काहीतरी मागायचंय मला, लोकांकडे बघून." म्हणाली आणि लगेच दुसरीकडे बघू लागली.

चार डिसेंबरला प्रेंटिसबाई चर्चच्या सभागृहात आल्या. ती त्यांची दिवसातली नववी सभा. नाक लाल झालं होतं, हातात रुमाल होता. बोलता बोलता त्यांनी खिडकीकडे हात केला आणि म्हणाल्या, "तुम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना वादळाबद्दल मी काय सांगणार? हा समुद्र उशाशी घेऊन तुम्ही झोपता."

खिडकीबाहेर बर्फ होतं आणि बर्फातून वर आलेली मक्याची धसकटं. आमच्याकडून कुठल्याही दिशेला गाडी हाकली तरी समुद्र गाठायला दोन दिवस लागतात. सभागृहात कुणी हललं नाही. मग मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं आणि सगळं सभागृह हसू लागलं. बाईंना कळलं, त्याही हसल्या, पण उशिरा. रोझेला पहिल्या रांगेत ताठ बसून होती.

गाव हे चार दिवसांत विसरलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर मका, सोयाबीन आणि त्याखाली लागलं: भरती दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी.

तिसऱ्या दिवशी तीन वाजता. चौथ्या दिवशी तीन पन्नास. लोकांना वाटलं, लायनस मनाला येईल ते लावतोय. पण त्याने ग्रंथालयातून प्रेंटिसबाईंच्या गावच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मागवून घेतलं होतं. थट्टाही त्याला चुकीची केलेली चालत नसे. मग गावाला ऊतच आला. खानावळीत शुक्रवारच्या तळलेल्या माशावर 'आमच्या बंदरातून ताजा' अशी पाटी आली. कुणी शेतात जुनी होडी नेऊन ठेवली. फादरांनी प्रार्थनेत, चेहरा जराही न हलवता, समुद्रावर असलेल्यांची आठवण काढली. राजधानीच्या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला, आणि बर्फातला भावफलक आणि त्यावरची भरती असं चित्र देशभर गेलं.

रोझेलाच्या यादीवरची नावं गळू लागली. ती फोन करायची आणि पलीकडचा माणूस म्हणायचा, आत्ता नको गं बाई, होडीत आहे. मार्गारेट वेलूने तर फोनवर लाटांचा आवाज काढला आणि मग वाईट वाटून सफरचंदाची पेस्ट्री पाठवली. रोझेलाने ती परत पाठवली.

भावाशी तिने बोलणं टाकलं, पण स्वयंपाक टाकला नाही. साडेअकराला माझा फोन वाजायचा.

"लायनसला सांग, सूप स्टोव्हवर आहे."

मी कोठारात फोन लावायची. लायनस विचारायचा, "कसलं आहे विचार की." मी पुन्हा तिला लावायची. "वाटाण्याचं. आणि त्याला म्हणावं, भरती ओसरल्यावर ये." माझ्या वहीत त्या महिन्याची पानं असल्या निरोपांनी भरली आहेत.

मी एकदा त्याला सरळ विचारलं, आता पुरे नाही का झालं? तेव्हा अकरा जानेवारी होती, सकाळ, वारा पडलेला. त्याने मला कोठाराच्या छोट्या पाळण्यात उभं केलं आणि वर नेलं. वरच्या खिडकीतून बघ म्हणाला. खाली धुकं पसरलं होतं. शेतं, कुंपणं, रस्ता, काही उरलं नव्हतं. नुसतं पांढरं करडं पाणी असावं तसं, आणि त्यात दूर दूर एकेक गोठा, एकेक घर, काळं, तरंगल्यासारखं. क्लेमेंट शुल्टेच्या घराचा दिवा मिणमिणत होता. धुकं सावकाश चढत होतं. एका घराच्या भिंती बुडाल्या, मग छप्पर, मग नुसतं धुराडं राहिलं.

"वेळ बघ," लायनस म्हणाला. त्याने वेळापत्रक काढलं. तिकडे त्या घटकेला भरती चढत होती. "आधी गंमत म्हणून बघायला आलो वर. आता रोज येतो."

"रोझेलाला सांगितलंस?"

"काय सांगू? की तिची बाई बरोबर होती?" तो हसला, पण त्याची नजर खिडकीबाहेरच होती. आम्ही किती वेळ तिथे उभे होतो ते मी वहीत लिहिलेलं नाही. एरवी मी वेळ लिहिते.

जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी कॉकस झालं. आमच्याकडे मत पेटीत लपून जात नाही. सगळा विभाग शाळेच्या व्यायामशाळेत जमतो आणि ज्याला जो उमेदवार पटतो त्याच्या कागदी पाटीखाली तो सगळ्यांदेखत जाऊन उभा राहतो. मग डोकी मोजतात. शंभरात पंधरा डोकी नसली तर तो कोपरा मोडतो आणि त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं किंवा घरी. त्या दिवशी सहासष्ट माणसं आली होती, म्हणजे दहा हवी होती.

मोजणीच्या आधी प्रत्येक कोपऱ्यातून एकाने मिनिटभर बोलायचं असतं. रोझेलाने निळा कोट घातला होता. कागद हातात धरून ती पुढे आली आणि पहिलंच वाक्य बोलली तोच मागून कुणीतरी जहाजाच्या भोंग्यासारखा आवाज काढला. हशा पिकला. रोझेलाने कागद खाली केला. तिला पुढचं वाक्य सापडेना. ती तशीच, ओठ किंचित उघडे ठेवून, आमच्याकडे बघत उभी राहिली आणि मग आपल्या पाटीखाली जाऊन थांबली. मोजलं तेव्हा तिच्याकडे आठ जणं होती.

लायनस दुसरे उमेदवार असलेल्या सिनेटरच्या गर्दीत, बास्केटबॉलच्या जाळीखाली, माझ्या शेजारी होता. भोंगा वाजला तेव्हा दोघातिघांनी शाबासकीसाठी त्याच्याकडे पाहिलं होतं. तो बुटांकडे बघत होता. कोपरे बदलायला अर्धा तास मिळतो. रोझेलाच्या माणसांभोवती इतर कोपऱ्यांतले लोक बिस्किटांची ताटं घेऊन घिरट्या घालू लागले. तेव्हा लायनस निघाला. व्यायामशाळेची ती रिकामी फरशी त्याने एकट्याने ओलांडली. बोलणी थांबली, त्याच्या बुटांचा आवाज तेवढा येत राहिला.

रोझेला महिन्यात पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "दया आली म्हणून आलास?"

"नाही."

"मग घोळ घालायला?"

"नाही गं. त्या बाईंना खिडकीतून जे दिसलं ते मला रोज दिसतं. हसण्यासारखं नाहीये ते." त्याने टोपी काढली. "मीच सगळ्यांना हसायला लावलं."

तिने बाजूला सरकून जागा केली. मग म्हणाली, "तिथे नको उभा राहूस. दारातून वारा येतो. इकडे ये."

नऊ झाले. एक हवा होता. ती कुणाकडेच बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. मला सिनेटरच पटला होता, आणि मी गेले असते तर ती दया आहे हे तिला कळलं असतं. मी गेले नाही. वहीत तसं लिहिलं आहे आणि ते खोडलेलं नाही.

सभेचे अध्यक्ष व्हर्नन डिगमन आकडे वाचू लागले. प्रेंटिसबाईंच्या नावाशी ते म्हणाले, पुरेसे नाहीत, सबब शून्य. रोझेलाने हात वर केला. "व्हर्नन, नऊ वाच."

"रोझेला, नियमाप्रमाणे..."

"नियम मला पाठ आहे. कागदावर शून्य लिही. वाचताना नऊ वाच. आम्ही नऊ जणं इथे उभे आहोत." पोस्टाच्या खिडकीत कधी ऐकू न आलेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. ती लोकांकडे बघत होती.

व्हर्ननने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गव्हर्नर प्रेंटिस," ते म्हणाले, "नऊ." या वेळी कुणी हसलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा बर्फ पडत होतं. दोघं गाडीशी होती. लायनस काचेवरचं बर्फ खरवडत होता, आधी तिच्या बाजूचं. ती आत बसून त्याला काहीतरी सांगत होती. तो थांबून वाकला, ऐकलं, उत्तर दिलं आणि पुन्हा खरवडू लागला. मग तीच पुन्हा काही बोलली. गाडी सुरू होती, दिवे लागलेले होते, त्या उजेडात बर्फ सावकाश उतरत होतं. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ती निघाली नाहीत.