त्या बाईला उत्तर गेलं का?

"मावशी, मॉम इज गॉन," सईने फोनवर सांगितलं आणि मी विचारलं, "कुठे गेली?" सोमवारची सकाळ होती. आदल्याच दिवशी तिच्या आईशी, नीलिमाशी, माझं तासभर बोलणं झालं होतं. सईने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा मला कळलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरताना नीलिमा कोसळली. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चोपन्न वर्षांची, कधी साधी डोकेदुखीसुद्धा न सांगणारी माझी मैत्रीण. पाच आठवडे झाले, पण सईचं ते वाक्य मला अजून खरं वाटत नाही.

आमची ओळख अमेरिकेत आल्यावरची, पार्सिपनी गावातली. एकाच कंपनीत दोघी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचो. पुढे दोघींची कुटुंबं वॉशिंग्टनजवळ राहायला आली. तिथे पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिने आयटी सोडलं, पुन्हा शिकली आणि जुनी सरकारी कागदपत्रं जपणाऱ्या एका संग्रहालयात रुजू झाली. तिच्या वाट्याला आला शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका राष्ट्राध्यक्षांचा पत्रव्यवहार, रेल्वे कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाशी झालेला. एकेक पत्र वाचून त्याची नोंद करायची, एवढंच काम.

त्यात तिला रेल्वेत डबे जोडण्याचं काम करणाऱ्या एका ब्रेकमनच्या बायकोचं पत्र सापडलं. डबे जोडताना नवरा मधे चिरडला गेला होता. हे कसं झालं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. तिने थेट राष्ट्राध्यक्षांना विचारलं होतं. त्यांनी पत्र आयोगाकडे धाडून चौकशी करायला सांगितलं, आयोगाने त्यांना सविस्तर कळवलं, त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर आलं. दोन मोठी कार्यालयं एकमेकांशी अदबीने बोलत राहिली. त्या बाईला मात्र कोणी काही लिहिल्याचा कागद फायलीत नव्हता.

नीलिमा तो शोधू लागली. लंच टाइममध्ये, सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्या खोक्यांतून. असं वर्षभर चाललं. आमचं एक जेवण तिने त्यासाठी कॅन्सल केलं, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "अगं, ती बाई जाऊनही जमाना झाला. आता उत्तर मिळालं काय नि न मिळालं काय!"

ती म्हणाली, "माझे बाबा रेल्वेत शंटिंग करताना, असेच डबे जोडताना गेले. आईने अर्ज लिहून घेतला, आणि खूप दिवसांनी चार ओळींचं उत्तर आलं. नुसतं, वाईट वाटलं, असं. आईला वाचता यायचं नाही. मी नऊ वर्षांची होते. रोज संध्याकाळी ती मला ते वाचायला लावायची."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली होती. मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

शेवटच्या रविवारी ती खुशीत होती. बाहेर गेलेल्या पत्रांचं एक जुनं रजिस्टर तिला सापडलं होतं. उद्या बघते, म्हणाली.

गेल्या आठवड्यात तिचा नवरा संजय तिचं सामान आणायला गेला. एकट्याला जाववेना म्हणून मीही गेले. तिच्या साहेब डोरथी, साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. इथलं काम यादी करण्याचं आहे, शोधण्याचं नाही, असं आपण तिला दोनदा बजावलं होतं, हे त्यांनी आपणहून सांगितलं. ती गेल्यानंतर मात्र त्या स्वतः ते रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. तीन दिवस लागले. एका ओळीत त्या बाईचं नाव आणि गाव होतं. पत्र गेलं होतं. आत काय लिहिलं होतं ते आता कुणालाच कळणार नाही, पण गेलं होतं.

मी पर्समधून फोन काढला. नीलिमाला कळवायला... नंबर लावणार तेवढ्यात माझ्या लक्षात आलं.

डोरथींनी ती फाइल आमच्यासमोर ठेवली. कव्हरच्या कोपऱ्यात नीलिमाचं बारीक, पेन्सिलीतलं अक्षर होतं. उत्तर अजून सापडलेलं नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ. डोरथींनी ती खोडली नव्हती, रजिस्टरचा पान नंबर फक्त खाली लिहिला होता. संजय त्या अक्षरांवरून बोट फिरवायला गेला.

"पुसलं जाईल रे," मी म्हटलं.

त्याने हात मागे घेतला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला.