दोन भाकरी

सून तव्यावर ज्वारीची भाकर टाकते, तिचा खरपूस वास घरभर होतो आणि मला फुलसावंगीकडच्या तांड्यातली सोमलीबाई आठवते. साठ-एकसष्ट साल असेल. कोणत्या घरात काय खातात, हे लिहून आणायला सरकारनं मला गावोगाव धाडलं होतं.

“उनातून आले साहेब, पह्यले जेवून घ्या,” म्हणत तिनं दोन भाकरी आणि अंबाडीची भाजी पुढं ठेवली. मी दोन्ही हाणल्या. दारात उभ्या तिच्या दोन पोरी माझ्या हाताकडं बघत होत्या. तेव्हा मला वाटलं, लाजताहेत.

मग मी तक्ता उघडला. “आज घरात काय शिजलं?”

“तुमी खाल्लं थेच.”

“आणि पोरींनी काय खाल्लं?”

“पीठ तेवढंच होतं ना जी.”

पाहुण्यानं खाल्लेलं त्या घरच्याच खाण्यात धरायचं, असा नियम होता. मी वळणदार अक्षरात लिहिलं: भाकरी, दोन. खाली तिचा अंगठा घ्यायचा होता. अंगठ्याला अजून पीठ चिकटलेलं होतं, त्यामुळं ठसा नीट उठेना.

मी तिच्यावर खेकसलो, “आधी हात धुऊन ये.”