डोहातून आलेले तीन झटके

इथले भुताखेतांचे अनुभव मी चहा पिता पिता वाचतो आणि खरं सांगू का, बऱ्याचदा हसतो. आमच्या घराण्यात कॉलेज केलेला पहिला माणूस मी. कराडला मेकॅनिकल केलं, आता सांगलीजवळच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. आईनं माझ्यावरून उतरवलेल्या लिंबाचं सरबत करून प्यायलोय मी! तरी हे लिहितोय, कारण यावरून माझं आणि माझ्या चुलत्यांचं काहीतरी बिघडलंय... आणि ते मला दुरुस्त करता येईना.

चुलते म्हणजे आप्पा. तोफखान्यातून रिटायर झाले. तोफांनी दोन्ही कान नेले. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून कळतं, पाठ फिरवली की संपलं. गळ टाकायला मला त्यांनीच शिकवलं. रॉड, रील सगळं आहे आमच्याकडं, पण खाण्यासाठी नाही — मासा धरायचा, बघायचा, परत सोडायचा. गाव आम्हाला येडं म्हणतं.

जागा सांगतो. कराडहून पाटणकडं जाताना कोयनेचं एक वळण लागतं. तिथं एकाच काठाला दोन खडक आहेत, मधे खोल डोह; एकावर आप्पा बसतात, दुसऱ्यावर मी. करंजाची झाडं अशी वाकलीत की एका खडकावरून दुसरा दिसत नाही. होळी होऊन गेली होती, म्हणजे आमचा हंगाम संपत आलेला. या दिवसांत पाणी उतरतं, नितळ होतं आणि मासा शहाणा होतो. खडस मासा सकाळच्या गारव्यात धारेला जरा फिरतो, ऊन चढलं की तोही खाली जातो. वाम आणि शिंगाळा तर तळ सोडतच नाहीत. मग गळाच्या दोरीला जड शिसं लावून तळ चाचपत बसायचं.

पण याच दिवसांत वरच्या धरणातून शेतीसाठी पाणी सुटतं आणि नदी बघता बघता चढते. मी हाक मारून आप्पांना ऐकू जाणार नाही, म्हणून आमची एक वेगळी लांब नायलॉनची दोरी असते. एक टोक त्यांच्या मनगटाला, एक माझ्या, मधला भाग डोहात सैल सोडलेला. एक झटका — मासा लागला. दोन — वर चढ. तीन — मदतीला ये. पलटणीची शिस्त. गंमत म्हणूनसुद्धा खोटा झटका द्यायचा नाही.

त्या सकाळी मासा काही लागेना. ऊन डोक्यावर आलं होतं. आणि मनगटाला दोन झटके बसले. स्पष्ट, मधे श्वास घेण्याएवढी जागा सोडून. मी सामान उचललं आणि चढून वरच्या वाटेवर आलो. पलीकडून आप्पा शिव्या देतच आले.

"का रं इंजिनेर, कशाला वढलंस? आत्ता कुठं शिंगाळा चाळवायला लागला हुता!"

मी मान हलवली. "मी नाही. तुम्ही ओढलं."

"मला काय याड लागलंय व्हय? दोन झटकं आलं मला!"

"मलाही दोनच आले, आप्पा."

"चेष्टा करतो काय रं म्हाताऱ्याची?"

तेवढ्यात खाली पाण्याचा आवाज बदलला. आधी फेस आणि पालापाचोळा, मग लाल गढूळ लोंढा. आमचे दोन्ही खडक दिसेनासे झाले. आप्पांची डब्याची पिशवी तिथंच राहिली होती, ती गेली. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दोरी अजून आमच्या दोघांच्या मनगटांना होती. मधला भाग खाली पाण्यात.

तीन झटके बसले.

आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. दोरीनं त्यांचा हात खेचलेला मी बघितला, माझा त्यांनी बघितला. परत तीन.

"मानूस हाय रं खाली!" आप्पा ओरडले आणि उतरायलाच लागले. मी कंबरेला मिठी घातली. या वयातही त्यांनी मला फरपटत नेलं. "सोड! वर काढलं की रं त्यानं आपल्याला! सोड मला!" मी गळाचा चाकू काढला आणि आधी त्यांच्या मनगटाजवळ दोरी कापली, मग माझ्या. दोरी सरसरत पाण्यात गेली. लोंढा खाली चालला होता... आणि दोरी वरच्या अंगाला गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आप्पा मटकन खाली बसले. मग माझ्या ओठांकडं बघत विचारलं, "हाक मारली का रं कुनी? मला तर ऐकू येत न्हाई. तुला आली?"

मी नाही म्हणून मान हलवली.

खालच्या गावांतून फिरलो, पोलीसपाटलांना भेटलो. कोणी बुडालेलं नाही, कोणी हरवलेलं नाही. पाण्याची ओढ म्हणावी, तर ती थांबून थांबून झटके देत नाही. मोठा मासा अडकला म्हणावा, तर मासा मोजत नाही. आप्पांना धरून ठेवलं ते मी बरोबरच केलं, परत तसंच करीन. पण दोरी कोणी ओढली याचं उत्तर माझ्या शिक्षणात मला सापडलेलं नाही.

परवा नवीन दोरी नेऊन दिली. आप्पांनी हातसुद्धा लावला नाही. "दोन टोकं आपली. मधी कोन हुतं, त्ये सांग," म्हणाले. आणि मग पुन्हा तेच — जेवताना, ओसरीवर, मी सांगलीला निघताना मोटारसायकलसमोर उभं राहून, ओठांकडं टक लावून — "तुला नक्की हाक आली न्हाई?"

मी नाही म्हणतो. खरंच आली नव्हती. पण त्या लोंढ्याचा आवाज एवढा होता की शेजारी उभ्या आप्पांचं ओरडणंसुद्धा मला नीट ऐकू येत नव्हतं... हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.