रोज संध्याकाळी नवा परवलीचा शब्द

तुम्ही हसणार हे ठाऊक आहे मला, तरी सांगतो. अहो, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेल्या माणसानं साताऱ्यात, स्वतःच्याच अंगणात असा पचका करून घ्यावा?

झालं काय, की माझ्या लेकीनं, वैशालीनं, घरच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड मॅनेजर टाकून दिला. माझी पेन्शन, लाइटबिल, तिची परीक्षा, सगळे पासवर्ड एका तिजोरीत. तिजोरीला एकच मोठा पासवर्ड. मग मी पेपरात वाचलं, की असल्या सॉफ्टवेअरमध्येही फटी सापडल्यात. लगेच वैशालीला फोन लावला. ती नोकरीला पलूसला. म्हणाली, "आबा, अपडेट टाका आणि मोठा पासवर्ड एकदा बदला. पण इसरू नका. तो इसरला तर कंपनीलाबी तिजोरी उघडता येत न्हाई."

एकदा बदला म्हणे! पहाऱ्यावरचा परवलीचा शब्द रोज बदलतो, हे काय मला शिकवायचं? मी रोज दिवस मावळताना नवा पासवर्ड टाकू लागलो. कागदावर लिहायचा नाही. तुकडीला मात्र तोंडी सांगायचा. आमची तुकडी म्हणजे बायको. तिला अंगणात उभी करून सांगायचो.

आठव्या दिवशी दुपारी वैशालीचा फोन. तिच्या मोबाइलवरही हीच तिजोरी होती, ती उघडेना. खात्याच्या परीक्षेचं हॉल तिकीट आजच काढायचं, पाचला साइट बंद. वर्षभर पहाटे उठून अभ्यास केला होता पोरीनं.

नवा पासवर्ड? माझं डोकं कोरं. अजिंक्यतारा टाकला, तो परवाचा निघाला. बायकोला विचारलं.

"आवं, तुमचं रोजचं वरडणं ध्यान दिऊन कोण ऐकतंय?"

साडेचार झाले. खोटं कशाला बोलू, रडायची वेळ आली होती माझ्यावर. पोरीचं वर्ष माझ्या हातानं बुडणार होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारचे कदम, रिटायर हवालदार, शांतपणे म्हणाले, "सायब, कालचा कंदीपेढा हुता. फुडं सत्त्याऐंशी."

"तुमाला कसं म्हायती?"

"कवायतीच्या आवाजात सांगता की तुमी. समदी गल्ली ऐकती. दूधवाली सुदिक."

हॉल तिकीट निघालं. पाचला दहा मिनिटं कमी असताना.

त्याच संध्याकाळी वैशालीनं पासवर्ड बदलला आणि फक्त आईला सांगितला. सॉफ्टवेअरमधली फट कंपनीनं बुजवली, घरातली लेकीनं. ती घरातली फट आत्ता तुमच्यासमोर बसून चहा पितेय.